खांद्याची चौकशी

लोकांच्या दुखण्यावर शंका घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लग्नकार्यात कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं तर मी अर्थातच हे सांगत नाही. "इन्शुरन्समध्ये आहे," एवढंच म्हणते, आणि समोरच्या माणसाला ताबडतोब मंडपाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओळखीचं दिसतं. त्याला वाटतं, आता ही आपल्याला पॉलिसी विकणार.

मी जन्मात एकही पॉलिसी विकलेली नाही. माझं काम सुरू होतं ते गाडी कोणाला तरी धडकून झाल्यावर. जखमी झालेला माणूस त्या गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागतो, दावा कोर्टात लागतो, आणि कंपनी माझ्यासारख्या बाहेरच्या तपासनिसाला फाईल देते. जाऊन बघा, म्हणते. खरंच लागलंय का, किती लागलंय, हा आधी काय काम करायचा आणि आता त्याला काय जमत नाही. मी जाते, बघते, अहवाल लिहिते. नागपुरात हे काम करणारे बहुतेक पुरुष आहेत, आणि ते मोटरसायकल स्टँडवर लावायच्या आतच गल्लीला कळतं की कोण आलं. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावलेल्या, हातात कापडी पिशवी घेतलेल्या बाईचा मात्र कोणालाही संशय येत नाही. ती पिशवी आणि तो चष्मा हे माझं भांडवल आहे.

या भांडवलावर मी बरंच नाव कमावलं होतं. मानेला पट्टा लावून बसलेल्या एका गृहस्थाला मी मागून नुसतं "अहो, तुमचं पाकीट पडलं" म्हटलं होतं आणि त्यानं सर्रकन मान वळवली होती. पायानं कायमचा अधू झालेला एक जण माझ्यादेखत कुत्रं मागे लागल्यावर असा पळाला की कुत्र्यानं नाद सोडला. अशा गोष्टी मी घरी जेवताना सांगायचे आणि नवरा म्हणायचा, "पुरे झालं, भाजी वाढ." त्याला कौतुक नव्हतं असं नाही, पण त्यानं त्या गोष्टी फार वेळा ऐकल्या होत्या.

माझा एकच नियम होता. आपण कोण, कुठून आलो, हे आधी सांगायचं नाही. "मी विमा कंपनीकडून आले" म्हटलं की अख्खी गल्ली लंगडायला लागते. म्हणून आधी गोड बोलायचं, घरचं-दारचं विचारायचं, आणि सगळं कळल्यावर शेवटी ओळखपत्र काढायचं. पर्समधल्या फोनचं रेकॉर्डिंग तोवर चालू ठेवायचं. या नियमाचा मला इतका गर्व होता की नव्या मुलांना मी तो फुकट शिकवायचे.

तर त्या वर्षी तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल, कंपनीच्या साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा, पण खुर्ची मोठी. म्हणाला, "मॅडम, सावनेरची केस आहे. पेंटर आहे, घरं रंगवतो. टेम्पोनं मागून उडवलं. खांद्याचं हाड मोडलं, प्लेट टाकली. आता म्हणतो, उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. मला डाऊट आहे."

"तुम्हाला कधी डाऊट नसतो?" मी विचारलं.

"म्हणून तर तुम्हाला फोन करतो ना, मॅडम."

फाईल वाचली. मुलगा तिशीचा, वडील नाहीत, आई आणि तो. डॉक्टरांचा दाखला होता की हात अमुक इतकाच वर जातो. रंगाऱ्याचा हात वर जात नाही म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. छत गेलं, भिंतीचा वरचा अर्धा भाग गेला, शिडी गेली. म्हणजे त्याचा अर्ध्याहून जास्त धंदाच गेला. त्याच्या बाजूनं तो एक दाखला होता. माझा अहवाल विरुद्ध गेला असता, तर तो मुलगा खोटारडा ठरून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला असता. हे मला नीट माहीत होतं. आणि तरी खरं सांगायचं तर, सावनेरच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता, की याला आज कसं पकडायचं.

रविवार मुद्दाम निवडला होता, लोक घरी सापडतात. पण त्याच संध्याकाळी नणंदेच्या नातवाचं बारसं होतं, आणि सावनेरहून परतताना मला परस्पर तिकडेच जायचं होतं. म्हणून मी नेहमीच्या सुती साडीऐवजी जांभळी सिल्क नेसले होते. हातात चार बांगड्या जास्त होत्या, केसात गजरा होता, आणि कापडी पिशवीतून पेढ्यांचा डबा वर डोकावत होता. चष्मा तेवढा नेहमीचा होता.

गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान होतं. दुकानदार साठीचा, पांढरा बनियन, कानावर पेन. मी साबणाची एक वडी घेतली आणि हळूच विषय काढला. त्या शेवटच्या घरातला मुलगा, पेंटर आहे ना, तो कसा आहे?

दुकानदारानं मला पायापासून गजऱ्यापर्यंत पाहिलं. मग काउंटरच्या आतून स्टूल काढून बाहेर ठेवलं. "बसा ना जी. उभ्यानं कायले बोलता."

सावनेरात साबणाच्या एका वडीवर स्टूल मिळतं, याचं मला बरं वाटलं. मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. घरी कोण कोण असतं?

"मायलेक दोघंच. बहीण दिली रामटेकले, तिचं चांगलं चालू आहे. पोरावर भार काहीच नाही."

पितो-बितो का? हा प्रश्न आम्ही अपघाताच्या प्रत्येक केसमध्ये विचारतो.

"राम राम! सुपारीचं खांड खात नाही तो."

काम कसं आहे?

"हात सोन्याचा आहे जी. पुरा तालुका बोलावते त्याले."

आणि मध्यंतरी काही अपघात झाला होता म्हणे?

इथे दुकानदारानं हातानं माशी उडवल्यासारखं केलं. "कायचा अपघात! जरासं खरचटलं. तुमाले कोणी सांगतलं? लोकाईले दुसरे धंदे नाहीत. मागच्या हप्त्यात माह्या तांदळाचं पोतं त्यानं एका हातानं आत ठेवलं. वाघ आहे, वाघ!"

माझ्या पर्समध्ये रेकॉर्डिंग चालू होतं आणि माझ्या मनात ढोल वाजत होते. वीस वर्षांत इतका सरळ साक्षीदार मिळाला नव्हता. कोणी म्हणेल, इतकं सरळ मिळालं तेव्हाच बाईला शंका यायला हवी होती. यायला हवी होतीच. पण ती शंका फक्त दुसऱ्यांवर घ्यायची सवय लागली होती.

पुढे त्या मुलाच्या शेजारणीनं तर कळस केला. धिप्पाड बाई, पदर खोचून अंगणात पापड वाळत घालत होती. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "या ना ताई, दुकानातून आवाज आला मले. पोराबद्दल विचारून राहिल्या ना तुमी? इचारा. मी लहानपणापासून पाह्यलं त्याले." मी तेच प्रश्न विचारले, तिनं तीच उत्तरं दिली, फक्त दुप्पट आवाजात. रागीट नाही, उधळ्या नाही, आईला शब्दानं दुखवत नाही. हात? हाताला काय धाड भरली? "माह्या घराचं छत दिवाळीत त्यानंच रंगवलं. आत या, दाखवतो तुमाले."

तिनं मला हाताला धरून आत नेलं. छत खरंच नवं पांढरं होतं. जागोजागी रोलरचे पट्टे उमटले होते आणि पंख्याभोवती एक मोठा डाग सुटला होता. सोन्याच्या हाताचा रंगारी असं छत कशाला रंगवेल, हे कोणत्याही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. मी फोटो काढला.

"तुम्ही काही विचारत नाही, मी कुठून आले ते?" मी जाता जाता म्हटलं, कारण मला तिच्या मोकळेपणाचं नवल वाटायला लागलं होतं.

"मी कायले विचारू बाई? जमलं तर कळनच सगळ्याईले," ती म्हणाली आणि मला डोळा मारला.

साक्षीदारानं मला डोळा मारण्याची ही पहिलीच वेळ होती. मी ते तिच्या स्वभावावर घातलं.

गल्लीच्या कडेला उभं राहून मी साहेबाला आवाजी निरोप पाठवला. माझ्या आवाजात किती माज होता ते नंतर ऐकून मलाच लाज वाटली. "साहेब, केस खोटी आहे. दोन साक्षीदार आहेत, रेकॉर्डिंग आणि छताचा फोटो सोबत पाठवते. पोरगा ठणठणीत आहे. आता त्याच्या घरी जाते, हात वर करतानाचा व्हिडिओ मिळाला की झालं." साहेबानं टाळ्या वाजवणारे दोन पंजे पाठवले.

मी दारात पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि आत माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती, वर धुतलेला टॉवेल. त्याची आई लगबगीनं पुढे आली. माझ्याच वयाची असेल, पण कामानं वाळलेली. घडीची साडी इतक्यातच नेसलेली दिसत होती, घडीच्या रेघा तशाच होत्या. "या, या. आमचं घर लहान आहे." मागून शेजारीण आली, तिच्या हातात पोह्यांची ताटली आणि वाटीत तर्री. तिच्या मागून दुकानदारही आला, आता बनियनवर शर्ट घालून. मला वाटलं, सावनेरची माणसं फारच अगत्यशील आहेत.

मग मुलगा आला. केस ओले, भांग पाडलेला, इस्त्रीचा निळा शर्ट. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि पाण्याचा ट्रे पुढे केला, डाव्या हातानं. उजवा हात अंगाशी धरलेला होता. "बघा कसं सोंग चाललंय," मी मनात म्हटलं, आणि माझी ठेवणीतली युक्ती काढली.

भिंतीवर उंच फळी होती, वर डबे आणि एक पितळी पेला. मी म्हटलं, "तुम्हाला त्रास नसेल तर तो वरचा पेला द्याल का? मला पितळेतूनच पाणी प्यायची सवय आहे." पर्समधल्या फोनचा कॅमेरा मी फळीकडे वळवलाच होता.

मुलगा जागचा हलायच्या आत आई उठली, शेजारीण ताटली तशीच ठेवून धावली आणि दुकानदारानं मी बसले होते त्याच खुर्चीच्या कडेवर पाय ठेवला. तिघांचे हात एकदम फळीवर. पेला राहिला बाजूला, बेसनाचा डबा खाली आला आणि दुकानदाराच्या शर्टावर, पोह्यांवर, माझ्या जांभळ्या सिल्कवर पिवळा थर बसला. मी बेसन झटकत विचार करत होते, की गल्लीभर याचा हात ठणठणीत म्हणणारे लोक याला पेला काढू का देत नाहीत? तेवढ्यात आईनं वेळ सावरायला म्हणून हसून विचारलं, "अन् ताई, पोरगी किती शिकली म्हणता?"

सिल्कची साडी, गजरा, पेढे, रविवार, तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. घरी कोण कोण, पितो का, कमावतो का, तब्येत कशी. वीस वर्षं मी जे प्रश्न विमा कंपनीचे म्हणून विचारत आले, ते प्रश्न आमच्याकडे मुलीची मावशी विचारते, शब्दही बदलत नाही. आणि शेजारच्या मुलाचं लग्न जमायच्या वेळी त्याचं मोडकं काही बाहेर काढायचं नाही, हे तर गल्लीत कोणी कोणाला शिकवावं लागत नाही. मी कान धरून उठाबशा काढायला हव्या होत्या. त्याऐवजी मी तोंड उघडं टाकून बसले होते.

मी काही बोलणार तोच तो मुलगा पुढे आला. "काकू, एक सांगू का? तुमी पोरीच्या घरी जाऊन बोलान, म्हणून आत्ताच सांगतो. माहा उजवा हात वर जात नाही."

"चूप बस ना रे," आई म्हणाली.

"चूप बसून काय होते, आई? लगन झाल्यावर ती म्हणन, वरचा डबा काढून द्या. तवा मी दुकानदारकाकाले बोलावू का?" मग माझ्याकडे वळून, "यायनं तुमाले चांगलंच सांगतलं असन. यायचा जीव आहे माह्यावर. पण छताचं काम माह्याकडून होत नाही आता. खालच्या भिंती करतो. डाव्या हातानं पुट्टी मारणं शिकून राहिलो, वेळ लागते. पोरीले हे सारं सांगा, मग ती काय म्हणन ते म्हणो."

आणि त्यानं हात उचलून दाखवला. कोपर खांद्याच्या रेषेपर्यंत आलं आणि थांबलं. त्यानं आणखी जोर लावला तसं सगळं अंगच डावीकडे कललं, ओठावर घाम आला, आणि चेहरा मात्र हसराच ठेवला होता. मी आजवर खूप खांदे पाहिले. खोटा खांदा हात उचलायच्या आधीपासूनच दुखायला लागतो. हा मुलगा शेवटपर्यंत दुखत नसल्याचं दाखवत होता, कारण समोर मुलीकडची बाई बसली होती. मला रडू आलं. अगदी सरळ रडू आलं, आणि बेसन डोळ्यात गेल्याचं दाखवत मी चष्मा पुसत राहिले.

मग मी ओळखपत्र काढलं. कोण आहे, कशासाठी आले, काय काय रेकॉर्ड केलं, साहेबाला काय कळवलं, सगळं सांगितलं. मुलगी नाही, हेही सांगावं लागलं.

आई उठली, केरसुणी घेतली आणि बेसन गोळा करू लागली. मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारणीला सगळ्यात उशिरा उमगलं आणि सगळ्यात जास्त लागलं. "म्हणजे मी जे बोलली, ते त्याच्या केसमंदी त्याच्याच विरुद्ध जाईन?"

"जाईल," मी म्हटलं.

"अवं माय! पुसून टाका ना मग!"

मी म्हटलं, पुसलं तरी निरोप आणि रेकॉर्डिंग गेलं आहे. त्यावर त्या दोघांनी जी पलटी मारली ती मी कुठल्या कोर्टात पाहिली नव्हती. शेजारीण म्हणाली, छत तिच्या नवऱ्यानं रंगवलं, हा खाली उभा राहून नुसता सांगत होता, म्हणून तर असं चितळासारखं झालं. इथवर खरं होतं. पण मग तिला जोर चढला. त्याचा हात तर वर जात नाहीच, खालीही जात नाही. घास आई भरवते. रात्रभर कण्हत असते लेकरू. दुकानदार मागे कसा राहील? त्यानं पोतं परत घेतलं आणि म्हणाला, "पोतं कायचं, जी! कोथिंबिरीची जुडी उचलता येत नाही त्याले. अन् कमरेतही काहीतरी झालंच आहे."

"अन् एका कानानं कमी ऐकू येते," शेजारीण म्हणाली.

"बस करा ना मावशी," मुलगा भिंतीपासून म्हणाला. "मॅडम, पोतं मी डाव्यानं उचललं होतं. डावा चांगला आहे माहा. लिहाचं असन तर तेही लिहा."

मी तिथेच बसून लिहिलं. त्याचं म्हणणं वाचून दाखवलं, त्यानं सही केली, शाळेतल्या पोरासारखी, हळूहळू. पेढ्यांचा डबा मी ठेवून जाणार होते, पण कशाचे पेढे म्हणून सांगणार? तसाच परत नेला. बारशाला पिवळी होऊन पोचले.

साहेबाला फोन लावला तर तो ऐकायलाच तयार नाही. "मॅडम, त्यांचं काय, ते आता काहीही म्हणतील. पहिलं रेकॉर्डिंग आहे ना? फोटो आहे ना? तुमचा निरोप आहे. बाकीचं जोडूच नका."

माझा पारा चढला. मी म्हटलं, ते रेकॉर्डिंग विम्याच्या चौकशीचं नाहीच, स्थळाच्या चौकशीचं आहे. तुम्ही स्वतःचं लग्न ठरवताना शेजारी जे बोलले ते कोर्टात लावाल का? साहेबाचं नुकतंच ठरलं होतं. मग म्हणाला, "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. पुढच्या फाईली मिळतील याची मी गॅरंटी देत नाही."

मी अहवाल लिहिला. साडी, गजरा, पेढे, बेसन, काहीही गाळलं नाही. नवऱ्यानं वाचला आणि भाजीसुद्धा मागायची विसरला. "हा अहवाल आहे की तुझी फजिती?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. त्याच्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतला आणि पाठवून दिला.

एका माणसाबद्दल एकाच बाईचे दोन उलटे निष्कर्ष, त्यामुळे प्रकरण अडकलं. शेवटी ते नागपुरात लोकअदालतीत ठेवलं, आणि मलाही बोलावलं. टेबलापलीकडे एक निवृत्त न्यायाधीश होते, पांढरे केस, समोर चहाचा कप. अलीकडे साहेब, मायलेक आणि त्यांचे वकील. साहेबानं फोन टेबलावर ठेवला आणि दुकानदाराचा आवाज सगळ्या हॉलभर वाजला, "वाघ आहे, वाघ!" आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक हसले. मुलगा खाली बघत होता. मी त्या हसण्याची मालकीण होते आणि मला ते अजिबात नको होतं.

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही या कामातल्या जुन्या. तुम्हीच आधी म्हणालात खोटं, मग म्हणालात खरं. हा मुलगा खरं बोलतोय, हे कशावरून? भरपाईसाठी कोणीही हात खाली ठेवेल."

"साहेब," मी म्हटलं, "त्या दिवशी माझ्यासमोर त्यानं हात वर जात नाही हे विमा कंपनीला म्हणून सांगितलंच नव्हतं. मुलीच्या मावशीला सांगितलं होतं. भरपाई मिळावी म्हणून नाही, लग्न मोडलं तरी चालेल म्हणून."

न्यायाधीश हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग साहेबाकडे, आणि विचारलं, "कंपनीला यावर आणखी काही म्हणायचंय?" साहेबानं फोन उचलून खिशात ठेवला. डॉक्टरांचा दाखला होता तसा मान्य झाला आणि तासाभरात कागदावर सह्या झाल्या. मुलगा सही करताना मी दुसरीकडे पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर आई माझी वाट पाहत उभी होती. मला वाटलं, आभार मानणार. मी आधीच "अहो, त्यात काय" म्हणायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "ताई, तुमच्यावर राग नाही मले. केसचं चांगलं झालं. पण तुमाले एक सांगू का? त्याले टेम्पोनं उडवलं, तवापासून आमच्या घरी कोणी पोरीचं स्थळ घेऊन आलं नव्हतं. तुमी पहिल्या होत्या."

मी "माफ करा" म्हटलं. तिनं मान हलवली, केलं की नाही ते सांगितलं नाही. मुलानं खालून हाक मारली, सावनेरची गाडी लागली होती, आणि ती पदर सावरत घाईनं पायऱ्या उतरून गेली.